देणे की दान?
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा मागील हिशेब तपासण्याचा आणि पुढील वही उघडण्याचा असतो. अशा मंगल प्रसंगी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चतुर्विध दानाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. यांतील पहिल्या तीन दानांची परंपरा जैन समाजात गावोगावी नांदताना दिसते. भोजनशाळा आहेत, धर्मादाय दवाखाने आहेत, पाठशाळा आणि वसतिगृहे आहेत. चौथ्या दानाचा अर्थ मात्र बहुधा प्राणिरक्षणापुरता, पांजरपोळापुरता घेतला जातो. भयग्रस्ताला निर्भय करणे हा त्याचा मूळ अर्थ फार व्यापक आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या चौथ्या दानाशी निगडित आहे. शासनाचा हात आखडता होतो तेव्हा अपंग व्यक्तींना आणि त्यांची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना कायद्याचे साहाय्य कसे मिळावे, हा तो विषय होय.

जुन्या पेढीच्या वहीत दोन खाती शेजारी शेजारी असत. एक देण्याचे आणि दुसरे धर्मादायाचे. पैसा दोन्ही खात्यांतून बाहेरच जातो. पण हंगाम बुडाला की धर्मादायाची रक्कम कमी करता येते, देणे कमी करता येत नाही. धनको दारात उभा राहिला तर ‘यंदा धंदा मंद आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. मुदत मागावी लागते, कारण सांगावे लागते, लेखी करार करावा लागतो. धर्मादायाचा याचक मात्र मुकाट्याने परत जातो. त्याला कारण विचारण्याचा अधिकार नसतो आणि पेढीलाही ते सांगण्याचे बंधन नसते.

अपंग मनुष्याला समाजाकडून व शासनाकडून जे साहाय्य मिळते ते यांपैकी कोणत्या खात्यावर मांडावयाचे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर हजारो घरांचे रोजचे जगणे अवलंबून असते. हा प्रश्न ज्या देशाच्या न्यायालयांत अगदी उघडपणे लढला गेला तो देश म्हणजे इंग्लंड. तेथील अनुभव भारतातील धर्मादाय संस्थांनी अभ्यासण्यासारखा आहे, कारण भारताच्या आजच्या कायद्यातही तोच प्रश्न दडलेला आहे.

इंग्लंडमध्ये गरीब व दुबळ्या लोकांच्या साहाय्याचा कायदा 1601 इतका जुना आहे. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीतील त्या कायद्याने प्रत्येक चर्चच्या हद्दीवर तेथील निराधारांचा भार टाकला. 1834 मध्ये त्यात बदल झाला आणि श्रमगृहांची कठोर व्यवस्था देशभर पसरली. मदत हवी असेल तर त्या घराच्या भिंतीआड जावे, असा तिचा खाक्या होता. ही सारी व्यवस्था 1948 च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने संपुष्टात आली. 5 जुलै 1948 रोजी, म्हणजे ज्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली त्याच दिवशी, हा कायदा अमलात आला आणि अंध, बधिर व इतर अपंग व्यक्तींच्या कल्याणाचे काम कौन्सिलकडे आले. महाराष्ट्रातील महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्याकडे जशी स्थानिक कामे असतात, तशी तेथे कौन्सिलकडे असतात, आणि त्यांत घरपोच शुश्रूषेचाही समावेश असतो.

खरा पालट घडविला तो 1970 च्या कायद्याने. मँचेस्टरमधील विदनशॉ मतदारसंघाचे खासदार आल्फ मॉरिस यांनी तो अशासकीय विधेयक म्हणून मांडला. पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या पित्याच्या घरी ते वाढले होते, त्यामुळे अपंगत्व म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. दीर्घकाळ आजारी व अपंग व्यक्तींविषयीच्या या कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक लांबलचक यादी आहे: घरकामात मदत, घरात आवश्यक ते फेरबदल, जेवण, दूरध्वनी, प्रवासाची सोय, वाचनालय, सहलीदेखील. एखाद्या व्यक्तीला यांपैकी काही आवश्यक आहे अशी कौन्सिलची खात्री पटली की ती व्यवस्था करणे हे कौन्सिलचे कर्तव्य ठरेल, असे कलमात म्हटले आहे. ‘करता येईल’ असे म्हटलेले नाही. वहीच्या भाषेत सांगावयाचे तर त्या दिवशी ही रक्कम धर्मादायाच्या खात्यातून काढून देण्याच्या खात्यात मांडली गेली. आल्फ मॉरिस पुढे 1974 मध्ये अपंगांच्या प्रश्नांसाठी नेमलेले पहिले मंत्री झाले.

योगायोग असा की त्याच 1970 साली जुलै महिन्यात लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात इंग्लंडमधील पहिले विधी केंद्र सुरू झाले. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांना त्यांच्या वस्तीतच कायद्याचा सल्ला मिळावा, हा त्याचा उद्देश होता. पुढे 1975 मध्ये लंडनमध्येच केवळ अपंगांना विनामूल्य कायदेशीर सल्ला देणारी डिसॅबिलिटी लॉ सर्व्हिस ही धर्मादाय संस्था उभी राहिली. त्याच 1975 साली भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या निमित्ताने जयपूर येथे श्री. डी. आर. मेहता यांच्या पुढाकाराने भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना झाली आणि ‘जयपूर फूट’ जगभर पोहोचले. एका ठिकाणी पाय मिळत होता, दुसऱ्या ठिकाणी हक्क. मनुष्याला उभे राहण्यासाठी दोन्ही लागतात.

कर्तव्य कायद्यात लिहिले गेले, पण त्याची खरी परीक्षा पैशाची ओढाताण सुरू झाल्यावर झाली. ग्लॉस्टरशायर परगण्यात एक एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ एकटे राहत होते. हृदयविकाराचे झटके, अर्धांगाचा सौम्य झटका, मोडलेले खुब्याचे हाड आणि मंद झालेली दृष्टी अशी त्यांची अवस्था होती. कौन्सिलचे मदतनीस येऊन त्यांचे धुणे व घराची स्वच्छता करीत. 1994 मध्ये, मध्यवर्ती शासनाकडून येणारा निधी घटला म्हणून, ही दोन कामे यापुढे होणार नाहीत असे त्यांना कळविण्यात आले. त्यांची प्रकृती सुधारली नव्हती. बदल झाला होता तो फक्त कौन्सिलच्या तिजोरीत. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि मार्च 1997 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला. या कायद्याखाली एखाद्याची गरज किती, हे ठरविताना कौन्सिलला आपली आर्थिक स्थिती विचारात घेता येईल, असे बहुमताने ठरले. विरुद्ध मत देणाऱ्या लॉर्ड लॉइड यांनी फार साधा दृष्टान्त दिला. वाढत्या मुलाला वेळोवेळी नवे जोडे लागतात. आई-वडिलांना ते परवडत नाहीत म्हणून मुलाची गरज कमी होत नाही, असा त्याचा आशय होता.

निकाल कौन्सिलच्या बाजूने गेला तरी त्या खटल्यातून एक मौल्यवान तत्त्व हाती आले. कनिष्ठ पातळीवरील न्यायालयाने आधीच सांगितले होते की ज्याला मदत चालू आहे त्याच्या गरजेचे पुन्हा व्यक्तिशः मूल्यांकन केल्याशिवाय ती कमी करता येणार नाही. एकच ठरावीक मजकुराचे पत्र शेकडो घरी पाठवून सेवा बंद करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. धनकोला सरसकट नकार देता येत नाही. त्याचे खाते उघडून त्याच्याशी बोलावे लागते, तसेच हे झाले.

पुढच्याच वर्षी, मे 1998 मध्ये, त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ईस्ट ससेक्स परगण्यातील एका मुलीचे प्रकरण आले. दीर्घ थकव्याच्या आजारामुळे ती शाळेत जाऊ शकत नव्हती. तिला घरी आठवड्यातून पाच तास शिकवणी मिळत असे. काटकसरीसाठी ती तीन तासांवर आणण्यात आली. या वेळी न्यायमूर्तींनी एकमताने मुलीच्या बाजूने निर्णय दिला. मुलासाठी योग्य शिक्षण कोणते, हे त्याच्या वयावरून, कुवतीवरून व विशेष गरजांवरून ठरते. तिजोरीवरून ठरत नाही. कौन्सिलकडे पैसा अजिबात नव्हता असे नाही. ऐच्छिक कामांवरील खर्च कमी करून तिला तो वळविता आला असता. तसे न करता पैशाची सबब मान्य केली, तर कायद्याने लादलेले कर्तव्य केवळ ऐच्छिक अधिकाराच्या पातळीवर उतरेल, असा लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांच्या निकालपत्राचा आशय होता. म्हणजेच देण्याच्या खात्यातील रक्कम कोणालाही न सांगता धर्मादायाच्या खात्यात टाकता येणार नाही. हे दोन खटले शेजारी ठेवून वाचले की कायद्यातील एकेका शब्दाला किती किंमत असते, हे उमगते.

यानंतरचा मोठा तडाखा 2010 नंतर बसला. जागतिक आर्थिक संकटानंतर ब्रिटिश शासनाने खर्चकपातीचे धोरण स्वीकारले आणि त्याचा मोठा भार कौन्सिलांवर आला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2018 च्या अहवालानुसार, 2010-11 ते 2017-18 या काळात कौन्सिलांना मध्यवर्ती शासनाकडून मिळणारा निधी, किंमतवाढ विचारात घेता, 49.1 टक्क्यांनी घटला. निम्म्या पैशात संसार चालवावयाचा म्हटल्यावर पहिली कात्री कोठे लागते? जेथून आवाज येत नाही तेथे. अंथरुणाला खिळलेला मनुष्य मोर्चा काढीत नाही आणि त्याला सोडून त्याची आई सभेला जाऊ शकत नाही.

त्या काळी इंग्लंडमध्ये गरजेच्या चार पायऱ्या मानल्या जात: अतिगंभीर, लक्षणीय, मध्यम आणि अल्प. बर्मिंगहॅम कौन्सिलने 2011 मध्ये केवळ अतिगंभीर गरजाच भागविण्याचे ठरविले. चार अपंग व्यक्तींच्या वतीने उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि मे 2011 मध्ये न्यायमूर्ती वॉकर यांनी तो निर्णय बेकायदेशीर ठरविला. कौन्सिलने पैसा वाचवू नये, असे त्यांनी म्हटले नाही. या निर्णयाचा अपंगांवर प्रत्यक्ष काय परिणाम होईल याचा जो डोळस विचार कायद्याला अपेक्षित आहे, तो झाला नाही, एवढेच म्हटले. समानतेचे हे कर्तव्य आधी अपंगविषयक भेदभाव कायद्यात होते; एप्रिल 2011 पासून ते 2010 च्या समानता कायद्याच्या 149 व्या कलमात आले. सार्वजनिक संस्थेने निर्णय घेताना दुर्बळ घटकांवरील परिणामांची यथायोग्य दखल घेतलीच पाहिजे, असे ते कलम सांगते. निर्णय घेऊन झाल्यावर कागदोपत्री केलेली दखल चालत नाही.

न्यायालयात गेले की जय निश्चित, असे मात्र कोणी समजू नये. लंडनच्या केन्सिंग्टन भागातील एका महिलेचे उदाहरण या बाबतीत मन विषण्ण करणारे आहे. एकेकाळी त्या स्कॉटलंडच्या बॅले संस्थेत प्रमुख नर्तकी होत्या. 1999 मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि चालणे कठीण झाले. रात्री दोन-तीन वेळा कमोडपर्यंत जाण्यासाठी त्यांना आधार लागे. कौन्सिलने रात्रीचा मदतनीस काढून त्याऐवजी शोषक पॅड वापरण्यास सांगितले. यातून वर्षाला सुमारे 22 हजार पौंड वाचणार होते. ज्या व्यक्तीचा मलमूत्रावर ताबा आहे तिने केवळ खर्च वाचावा म्हणून रात्रभर पॅडमध्ये पडून राहावे काय, हा प्रश्न होता. जुलै 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. लेडी हेल यांनी एकटीने विरुद्ध मत नोंदविले. पुढे मे 2014 मध्ये स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अंशतः दाद दिली. नोव्हेंबर 2008 ते नोव्हेंबर 2009 या सुमारे वर्षभराच्या काळात कौन्सिलची कृती तेथील कायद्यालाही धरून नव्हती, म्हणून त्यांच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असे ठरवून एक हजार युरो भरपाई देवविली. त्यानंतरच्या काळापुरती मात्र त्यांची तक्रार फेटाळली गेली.

मिळालेला विजयही कधी तात्पुरता ठरतो. तीव्र अपंगत्व असलेल्यांनी संस्थेत न राहता स्वतःच्या घरी राहावे, यासाठी 1988 मध्ये स्वतंत्र जीवन निधी स्थापन झाला होता. शासनाने तो बंद करण्याचे ठरविले तेव्हा पाच लाभार्थी न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2013 मध्ये अपील न्यायालयाने शासनाचा निर्णय रद्द केला, कारण मंत्र्यांपुढे परिणामांचे खरे चित्र ठेवलेच गेले नव्हते. शासनाने 2014 मध्ये पुन्हा विचार करून पुन्हा तोच निर्णय घेतला. या वेळी कागदपत्रे नीट होती. दुसरे आव्हान टिकले नाही आणि 30 जून 2015 रोजी तो निधी बंद झाला.

मग या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी मनुष्याच्या मनात येईल. उत्तर असे की कायदा पैसा निर्माण करीत नाही, तो हिशेब मागण्याचा अधिकार देतो. कौन्सिलांची अडचणही खोटी नसते. नॉर्थम्प्टनशायर कौन्सिलने फेब्रुवारी 2018 मध्ये आणि बर्मिंगहॅम कौन्सिलने सप्टेंबर 2023 मध्ये, जमाखर्चाचा मेळ बसत नसल्याची 114 व्या कलमाखालील नोटीस काढली. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची ही घोषणा होय. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की अशी नोटीस निघाली की नवा ऐच्छिक खर्च थांबतो, कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा चालूच ठेवाव्या लागतात. देणे आणि दान यांतला भेद अशा घडीला जीवनमरणाचा ठरतो.

या अनुभवांतून घडलेला 2014 चा शुश्रूषा कायदा एप्रिल 2015 पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. त्याने पात्रतेचा एकच निकष देशभर केला. गरज पात्र ठरल्यावर ती भागवावी की नाही, याचा निर्णय कौन्सिलला पैशावरून करता येत नाही. कशा रीतीने भागवावी, एवढे ठरविताना खर्चाचा विचार करता येतो. शुश्रूषा करणाऱ्या आप्तांच्या बाबतीत तर या कायद्याने एक प्रदीर्घ प्रवास पूर्ण केला. 1995 च्या कायद्याने त्यांना प्रथमच स्वतःच्या गरजांचे मूल्यांकन मागण्याचा अधिकार दिला. 2000 च्या कायद्याने कौन्सिलला त्यांना सेवा देण्याची मुभा दिली. 2014 च्या कायद्याने ती मुभा कर्तव्यात परिवर्तित केली. त्यापूर्वी जुलै 2008 मध्ये युरोपीय न्यायालयाने, अपंग मुलाच्या आईला त्या मुलाच्या कारणावरून नोकरीत वाईट वागणूक मिळाली तर तोही बेकायदेशीर भेदभावच होय, असा महत्त्वाचा निर्णय दिला होता.

शुश्रूषा करणाऱ्यांचा हा गौरव जैन मनाला अपरिचित वाटू नये. सहा अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. रुग्ण, वृद्ध व थकलेल्यांची सेवा ही उपवासाइतकीच, किंबहुना त्याहून कठीण तपश्चर्या मानली आहे. इंग्लंड आणि वेल्स येथील 2021 च्या जनगणनेत सुमारे 50 लाख लोकांनी आपण विनावेतन शुश्रूषा करतो असे नोंदविले. या तपाला पारण्याचा दिवस नसतो. म्हणून तपस्व्याची काळजी घेणारे कोणी तरी लागते.

अशा कुटुंबासाठी वकील नेमके काय करतो? बहुतेक वेळा तो न्यायालयात जातच नाही. प्रथम गरजेचे मूल्यांकन आणि सेवेचा आराखडा लेखी स्वरूपात मागवितो. मदत कमी झाली असेल तर प्रकृतीत कोणता बदल झाला म्हणून ती कमी केली, असे विचारतो. पुनर्मूल्यांकन झाले नसेल तर ते करावयास लावतो. त्यानंतर दाव्यापूर्वीचे पत्र जाते, ज्याला उत्तर देण्यासाठी सामान्यतः 14 दिवसांची मुदत असते. पुष्कळ तंटे या पत्रावरच मिटतात, कारण पत्र वाचून कौन्सिलचा स्वतःचा वकील फाइल उघडून पाहतो. न मिटल्यास उच्च न्यायालयात, भारतातील रिट अर्जासारखा, न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज होतो. तो विनाविलंब आणि उशिरात उशिरा तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. निकाल लागेपर्यंत चालू सेवा थांबवू नये, असा अंतरिम आदेशही मागता येतो. प्रशासनाच्या हलगर्जीपणाबद्दल स्थानिक शासनाच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तिची मुदत सामान्यतः बारा महिन्यांची आहे. तीन महिने कोठे आणि बारा महिने कोठे, हे ज्याला वेळेवर कोणी सांगत नाही त्याचा हक्क कागदावरच राहतो.

येथेच कपातीची दुसरी बाजू दिसते. इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने गरिबांना शासकीय खर्चाने वकील मिळू लागला. 2012 च्या कायद्याने, एप्रिल 2013 पासून, त्याची व्याप्ती फार आकुंचित झाली. सामाजिक साहाय्याच्या बहुतेक प्रकरणांत प्राथमिक सल्ला बंद झाला. घरपोच शुश्रूषेची प्रकरणे त्या कायद्यात टिकून राहिली, परंतु वकिलांचे दर 2011 मध्येच 10 टक्क्यांनी उतरविल्यामुळे हे काम करणारे वकील कमी होत गेले. अनेक भागांत असा वकीलच उरला नाही, याकडे तेथील लॉ सोसायटीने वारंवार लक्ष वेधले आहे. ज्या हाताने सेवा कमी केली त्याच हाताने दाद मागण्याची वाटही अरुंद केली, अशी ही स्थिती आहे. ती पोकळी विधी केंद्रे आणि धर्मादाय संस्था आपल्या परीने भरून काढीत आहेत.

आता भारताकडे वळू या. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्यात एकवीस प्रकारांचा समावेश झाला. त्याच्या 24 व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजनांची तरतूद आहे, त्यात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी शुश्रूषा भत्त्याचाही उल्लेख आहे. परंतु हे सर्व शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावयाचे आहे, असे तेच कलम सांगते. उलट 31 व्या कलमात लक्षणीय, म्हणजे 40 टक्के वा अधिक, अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि तेथे अशी मर्यादा घातलेली नाही. ग्लॉस्टरशायरचा वृद्ध आणि ईस्ट ससेक्सची मुलगी भारताच्या एकाच कायद्यात अशी दोन कलमांत उभी आहेत. कोणते कलम देणे सांगते आणि कोणते दानाकडे झुकते, हे समजून घेणारे कोणी तरी अपंगांच्या बाजूला हवे.

कायदेशीर साहाय्याच्या बाबतीत भारताचा कायदा इंग्लंडपेक्षाही उदार आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 याच्या 12 व्या कलमानुसार अपंग व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य विधी सेवा मिळण्याचा अधिकार आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. 15100 हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. आपल्यानंतर या मुलाचे कसे होणार, ही जी आई-वडिलांची चिंता, तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय त्या कायद्याने जिल्हा पातळीवरील समितीकडे दिली आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे शासनाचे आदेश आहेत. तो खर्च झाला की नाही हे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली विचारता येते आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तक्रारीसाठी पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे.

एवढे सर्व असूनही अर्ज करणारा क्वचितच दिसतो. ज्याच्या घरी चोवीस तास सोबत लागणारा मुलगा आहे ती माउली न्यायालयाच्या पायऱ्या कधी चढणार? तिला कलमे पाठ नसतात. खिडकीवरच्या कारकुनाने ‘निधी नाही’ म्हटले की ती उपकार नाकारला गेला असे समजून घरी परतते. आपण धनको आहोत, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

धर्मादाय संस्थेचे काम येथे सुरू होते. यासाठी इमारत लागत नाही. आठवड्यातून एक दिवस, एक खोली, एक कपाट आणि लिहिता-वाचता येणारे दोन सेवाभावी कार्यकर्ते एवढी सामग्री पुरते. प्रत्येक कुटुंबाची एक फाइल करावी. तीत अपंगत्वाचे प्रमाणपत्र, मिळत असलेल्या योजनांची यादी, केलेल्या अर्जांच्या पोचा आणि मुदतीच्या तारखा असाव्यात. तोंडी नकार आला तर तो लेखी मागावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक योजनेत समाजातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी व गृहिणी यांची नावे सुचवावीत. आई कार्यालयात जाईल तेव्हा मुलाजवळ बसणारा मनुष्य द्यावा. हे अर्धे काम आहे. सार्वजनिक न्यासांच्या 1950 च्या कायद्यातील 9 व्या कलमात दारिद्र्य वा आपत्तीचे निवारण हा धर्मादाय हेतू मानलेला आहे, तेव्हा अशा कामावर विचारपूर्वक केलेला खर्च न्यासाच्या उद्देशांत बसविणे बहुतेक संस्थांना अवघड जाऊ नये. आपल्या घटनेतील उद्देश तपासून विश्वस्तांनी लेखापरीक्षकांचा सल्ला मात्र आधी घ्यावा.

तीनचाकी सायकल देणे पुण्याचेच आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. सायकल मोडली की दाता पुन्हा शोधावा लागतो. एका लेखी अर्जाने चालू झालेला भत्ता किंवा शाळेत मिळालेला प्रवेश मात्र घरात वर्षानुवर्षे राहतो, आणि तो मागताना मान खाली घालावी लागत नाही. शेजारच्या घरातील आईही तोच अर्ज पाहून आपला अर्ज लिहिते.

या वर्षीच्या समारंभात सत्कार होतील, देणग्या जाहीर होतील. त्या देणग्यांतील एक छोटा अंश अशा साप्ताहिक खोलीसाठी बाजूला निघावा आणि पुढील वार्षिक सभेत किती घरे आली, किती अर्ज गेले, किती उत्तरे मिळाली आणि किती राहिली, याचा अहवाल जमाखर्चाच्या पत्रकासोबत छापला जावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.